लहान नगरपरिषदांतील अग्निशामकांना राज्यस्तरीय प्रशिक्षण मिळते का?

वैनगंगाकाठ | १४ एप्रिल, सकाळी ८:४०

आज अग्निशमन सेवा दिन. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या बोटीवर स्फोट झाला आणि आग विझवण्यासाठी गेलेल्या मुंबई दलातील ६६ जणांना प्राण गमवावे लागले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर पाळतात, आणि आजपासून २० तारखेपर्यंत अग्निशमन सेवा सप्ताह चालतो. या आठवड्यात शाळांमधून प्रात्यक्षिके होतील, बंबांना हार घातले जातील. ते सगळे चांगलेच आहे. पण या निमित्ताने मला एक प्रश्न येथे मांडायचा आहे.

माझा धाकटा भाऊ पूर्व विदर्भातील एका नगरपरिषदेत अग्निशामक विमोचक (आग विझवणारा व बचाव करणारा जवान) आहे. नोकरी लागण्यापूर्वी त्याने सांताक्रूझ येथील राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा पाठ्यक्रम पूर्ण केला, कारण भरतीच्या जाहिरातीत तशी अटच असते. शुल्क आणि राहण्या-जेवणाचा खर्च अर्थातच घरून केला. सेवेत आल्यापासून मात्र त्याला एकही उजळणी वर्ग मिळालेला नाही. दरम्यान त्यांच्या केंद्रात नवा बंब आला, बी. ए. सेट (धुरात श्वास घेण्यासाठी पाठीवर बांधायचे हवेचे सिलिंडर व मास्क) आले, लोखंड कापणारा हायड्रॉलिक कटर आला. पुरवठादाराच्या माणसाने एका दुपारी येऊन ते कसे चालवायचे हे दाखवले, आणि तेवढ्यावरच त्यांचे प्रशिक्षण झाले असे कागदोपत्री मानण्यात आले.

राज्यात प्रशिक्षणाची सोयच नाही, असे माझे म्हणणे नाही. नागपुरात राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून आहे, मुंबईत राज्याचे केंद्र आहे. परंतु माणूस नोकरीत येण्यापूर्वी स्वतःच्या पैशाने जे शिकतो, तेच त्याचे पहिले आणि शेवटचे शिक्षण ठरते. पुढे तीस वर्षे त्याने आगीत शिरायचे, ते त्या सहा महिन्यांच्या बळावर. मोठ्या महापालिकांचे जवान आणि लहान गावांचे जवान यांच्यात हा फरक असता कामा नये, असे मला ठामपणे वाटते. आपापल्या गावात काय परिस्थिती आहे, हे कृपया लिहावे.

निशिगंध | १४ एप्रिल, सकाळी ९:१५

आमच्या तालुक्याच्या गावात बंब आहे, हे आम्ही दिवाळीत पाहतो. तो चालवणाऱ्यांना कोणी शिकवले, हा प्रश्न आजवर मनात आला नव्हता. धागा वाचत आहे.

जुना_तांडेल | १४ एप्रिल, सकाळी ११:०५

मी एका मोठ्या महापालिकेच्या दलातून निवृत्त झालो आहे. वैनगंगाकाठ यांनी मांडलेला फरक खरा आहे, पण त्याचे मूळ केवळ वर्गांत नाही, रोजच्या कवायतीत आहे. आमच्याकडे पाळी बदलली की होज (पाण्याचा पाइप) ड्रिल, शिडी ड्रिल, पंप ड्रिल, दोर आणि गाठी हे ठरलेले असे. त्या वेळी कंटाळा येई, परंतु मध्यरात्री वर्दी (आगीची किंवा अपघाताची खबर) आली की हात आपोआप चालत ते त्या कंटाळवाण्या सकाळींमुळेच. लहान केंद्रात ही कवायत घेणारा अधिकारीच नसतो. कित्येक ठिकाणी केंद्राचा प्रभार आरोग्य किंवा पाणीपुरवठा विभागाच्या माणसाकडे असतो, आणि त्याला ड्रिलचे महत्त्व कोणी सांगितलेले नसते.

बी. ए. सेटचा उल्लेख आला म्हणून थोडे विस्ताराने लिहितो, कारण येथे अर्धवट माहिती जिवावर बेतते. सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने सुमारे १८०० लिटर हवा मावते. मिनिटाला ४० लिटर हवा लागते असे धरून पुस्तकात ४५ मिनिटे लिहिलेली असतात. प्रत्यक्षात भरलेला होज ओढत जिना चढणारा, घाम फुटलेला, काहीही न दिसणारा माणूस तीच हवा पंचवीस मिनिटांच्या आत संपवू शकतो. दाब साधारण ५५ बारवर उतरला की हवा संपत आल्याची शिट्टी वाजते. नवखे जवान समजतात की शिट्टी वाजली की परत फिरायचे. खरे म्हणजे शिट्टी वाजेल तेव्हा तुम्ही बाहेर पोहोचलेले असायला हवे. त्यासाठी आत जाताना दारावरच्या माणसाने फळ्यावर नाव, वेळ आणि दाब लिहायचा असतो, मधूनमधून गेज (दाबमापक) पाहायचा असतो, जोडीदाराला सोडायचे नसते. हे सगळे धुराच्या खोलीत, अंधारात, भिंतीला हात लावून फिरल्याशिवाय अंगात मुरत नाही. पुरवठादाराच्या एका दुपारीत मास्क घालता येतो, श्वास सांभाळता येत नाही.

आणखी एक गोष्ट. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवासाला लागलेल्या आगीत इमारत कोसळली आणि मुंबई दलाचे चार अधिकारी आपण गमावले. उत्तम प्रशिक्षण झालेली, अनुभवी माणसे होती ती. जळणारी जुनी इमारत कधी सोडायची, हे ओळखणे त्यांनाही इतके कठीण गेले असेल, तर ज्यांना इमारतीचे भार कसे वाहिले जातात हे कोणी सांगितलेलेच नाही, त्यांचे काय होत असेल याचा विचार करावा.

कायदेकानू | १४ एप्रिल, दुपारी १:३०

व्यवस्थेची रचना समजून घेतली तर हा प्रश्न का सुटत नाही ते कळते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावे परिशिष्ट आले, त्यात १८ विषय आहेत आणि सातवा अग्निशमन सेवेचा आहे. महाराष्ट्रात हे काम नागरी स्थानिक संस्थांकडे आहे. औद्योगिक वसाहतींसाठी एमआयडीसीचे स्वतंत्र दल आहे. केरळ, तमिळनाडू, कर्नाटक या राज्यांत मात्र सेवा थेट राज्य सरकारच्या एका खात्याची आहे.

आपल्याकडे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा ६ डिसेंबर २००८ पासून लागू आहे आणि राज्याचे अग्निशमन सेवा संचालनालयही आहे. परंतु जवानाचा पगार, त्याची रजा आणि त्याला प्रशिक्षणासाठी कार्यमुक्त करण्याचा निर्णय या तिन्ही गोष्टी त्याच्या नगरपरिषदेच्या हातात राहतात. संचालनालयाने उत्तम वर्ग आखला तरी नगरपरिषदेने माणूस पाठवलाच पाहिजे, अशी सक्ती व्यवहारात होत नाही.

न_पा_कर्मचारी | १४ एप्रिल, रात्री ९:५०

नगरपरिषदेच्या आस्थापना विभागात काम करणारा माणूस म्हणून दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. ‘नगरपरिषद माणूस पाठवत नाही’ हे ऐकायला आमच्या बेफिकिरीसारखे वाटते. वस्तुस्थिती अशी की आमच्या केंद्रात एका पाळीत एक चालक आणि दोन किंवा तीन जवान असतात. त्यातील एक आजारी, एक लग्नाच्या रजेवर, आणि तिसऱ्याला आम्ही प्रशिक्षणासाठी सांताक्रूझला पाठवला, तर वर्दी आल्यावर बंबावर चढणार कोण? त्या काळात गावात एखादे घर जळाले तर विचारणा मुख्याधिकाऱ्यांना होणार. जवानाचे प्रशिक्षण झाले नाही म्हणून मात्र आजवर कोणी कोणाला जाब विचारलेला मी पाहिलेला नाही.

शिवाय आमचे निम्म्याहून अधिक मनुष्यबळ ठेकेदारामार्फत आहे. ठेका बदलला की माणसे बदलतात. त्यांच्यावर प्रशिक्षणाचा खर्च टाकायचा तर लेखापरीक्षणात आक्षेप येण्याची भीती असते. त्यामुळे प्रशिक्षणाच्या जागा वाढवून हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. आधी मंजूर पदे भरली पाहिजेत.

वैनगंगाकाठ | १४ एप्रिल, रात्री १०:४०

न_पा_कर्मचारी, आपली अडचण मला मान्य आहे. पण पदे भरेपर्यंत प्रशिक्षण थांबवायचे, हे मला पटत नाही. ठेकेदाराचा जवान त्याच धुरात शिरतो आणि तोच धूर त्याच्या छातीत जातो. उद्या तो ठेका सोडून शेजारच्या नगरपरिषदेत गेला तरी त्याचे कौशल्य राज्यातच राहील. म्हणूनच हा खर्च राज्याने उचलावा, एका नगरपरिषदेच्या माथी मारू नये, असे माझे म्हणणे आहे.

मिरजेहून | १५ एप्रिल, सकाळी ७:२०

आमच्या भागातून एक मुद्दा. अग्निशामकाचे काम आता आगीपुरते उरलेले नाही. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पाणी भरले, तेव्हा सर्वांत आधी हाक गेली ती स्थानिक अग्निशमन दलाकडेच. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी तळेगावजवळ सुदुंबरे येथे आहे. ती येईपर्यंतचे पहिले काही तास गावातल्याच माणसांचे असतात. बोट चालवणे, वेगाच्या प्रवाहात दोर टाकणे, बोटीत किती माणसे घ्यायची हे ठरवणे, याचे वेगळे शिक्षण लागते.

दुसरा धोका शीतगृहांचा. तासगाव-सांगली पट्ट्यात बेदाण्याची शीतगृहे आहेत, आणि अशा शीतगृहांत अमोनिया असू शकतो. तो पाण्यात पटकन विरघळतो, म्हणून हवेत पसरलेल्या वायूवर पाण्याचा बारीक फवारा धरला की तो खाली बसतो. परंतु तोच पाण्याचा मारा सांडलेल्या द्रवरूप अमोनियावर केला तर तो अधिक वेगाने उकळून आणखी वायू पसरतो. दोन्ही गोष्टी पाण्याच्याच आहेत, आणि कोणती केव्हा करायची हे माहीत नसले तर मदतीला गेलेलाच माणूस संकट वाढवतो. सहा महिन्यांच्या पाठ्यक्रमात याची ओळख होत असेल, पण ज्या गावात शीतगृहे आहेत तेथील जवानांना त्याचा सराव दरवर्षी मिळायला हवा.

वऱ्हाडी_माणूस | १५ एप्रिल, सकाळी १०:००

मिरजेहून यांच्या मुद्द्याला जोड. आमच्याकडे जिनिंगची (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांची) आग. कापसाची गाठ वरून विझलेली दिसते आणि आतून धुमसत राहते. पाणी आत शिरत नाही. गाठी फोडून, पसरून, भिजवाव्या लागतात आणि पुढे कित्येक तास राखण करावी लागते. मुंबईच्या प्रशिक्षण केंद्रात हा अनुभव कोठून येणार? प्रशिक्षण विभागवार हवे, हेच खरे.

डिचोलीकर | १५ एप्रिल, दुपारी १२:४५

गोव्यातील अनुभव सांगतो. आमच्याकडे अग्निशमन आणि आपत्कालीन सेवा संचालनालय हे राज्याचे एकच खाते आहे, मुख्यालय पणजीत सांत इनेजला. पेडण्याचा जवान असो की काणकोणचा, भरती एकाच खात्यात होते आणि प्रशिक्षण आधी नव्हे, तर नोकरीत घेतल्यानंतर खातेच देते. बदल्या होतात, त्यामुळे एका केंद्रात शिकलेले दुसऱ्या केंद्रात पोहोचते. अर्थात गोवा लहान राज्य. गडचिरोलीतल्या सिरोंचाहून मुंबई गाठणे आणि काणकोणहून पणजी गाठणे यांची तुलना होऊ शकत नाही, याची मला जाणीव आहे. पण ‘आधी निवड, मग सरकारी खर्चाने प्रशिक्षण’ हा क्रम महाराष्ट्राला घेता येण्यासारखा नक्कीच आहे.

जुना_तांडेल | १५ एप्रिल, दुपारी २:१०

डिचोलीकर, मुंबई महापालिकाही निवड झाल्यावर स्वतःच जवान घडवते. म्हणजे हा क्रम महाराष्ट्रातही आहे, फक्त ज्यांच्याकडे पैसा आणि स्वतःचे प्रशिक्षण केंद्र आहे त्यांच्यापुरता.

कोल्हापूरची_मावशी | १५ एप्रिल, सायंकाळी ५:३०

थोडे विषयाला लागूनच विचारते. माझ्या भाच्याला या क्षेत्रात जायचे आहे. गावाजवळच्या एका खासगी संस्थेने ‘फायर अँड सेफ्टी’चा एक वर्षाचा वर्ग आणि नोकरीची हमी देऊ केली आहे. शुल्क बरेच आहे. घ्यावा का?

कायदेकानू | १५ एप्रिल, सायंकाळी ६:१५

मावशी, पैसे भरण्यापूर्वी मागच्या दोन-तीन भरती जाहिराती काढून ‘शैक्षणिक अर्हता’ हा भाग शब्दशः वाचावा. नगरपरिषदा आणि महापालिकांच्या जाहिरातींत कोणत्या संस्थेचा पाठ्यक्रम चालेल हे नावानिशी लिहिलेले असते. त्या यादीत संस्था नसेल, तर ते प्रमाणपत्र खासगी कारखान्यात सुरक्षा विभागात उपयोगी पडू शकेल, पण बंबावर नोकरी मिळवून देणार नाही. उंची, वजन, छाती यांची अटही आधीच मोजून घ्यावी. नोकरीची तोंडी हमी देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

मृण्मयी_स | १६ एप्रिल, सकाळी ९:०५

मी राज्याबाहेर अग्निसुरक्षेचे शिक्षण घेतले आणि सध्या एका कारखान्याच्या दलात काम करते. या चर्चेत स्त्रियांचा उल्लेख अजून आलेला नाही, म्हणून लिहीत आहे. नागपूरच्या राष्ट्रीय महाविद्यालयात हर्षिनी कान्हेकर यांनी २००२ मध्ये प्रवेश घेतला, तेव्हा तेथे शिकणाऱ्या त्या पहिल्याच महिला होत्या. मुंबईच्या दलात २०१२ मध्ये महिला जवान दाखल झाल्या. वाट उघडलेली आहे. परंतु लहान गावातील मुलीच्या दृष्टीने प्रश्न असा असतो की सहा महिने घरापासून शेकडो किलोमीटर दूर राहण्यासाठी वसतिगृह कोठे आहे आणि त्याचा खर्च कोण देणार. मुलगा मित्राच्या खोलीवर चौघांत राहून दिवस काढतो, मुलीला ती मुभा घरचे देत नाहीत. विभागीय ठिकाणी केंद्र आणि त्याला जोडून मुलींचे वसतिगृह झाले, तर या सेवेत येणाऱ्या मुलींची संख्या वाढेल अशी मला खात्री वाटते.

आणि ज्यांना ही केवळ समानतेची बाब वाटते त्यांच्यासाठी: ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली आणि दहा बालके दगावली. रुग्णालयाचा प्रसूती विभाग, शिशू कक्ष, मुलींची वसतिगृहे येथे बचावकार्य करताना दलात स्त्रिया असणे ही कामाची गरज आहे. अशा कक्षातून उपकरणांना जोडलेले बाळ कसे हलवायचे, प्राणवायूचा पुरवठा कोणी आणि कोठे बंद करायचा, याचा सराव स्थानिक दल आणि परिचारिका यांनी मिळून करायला हवा. त्यासाठी मुंबईला जावे लागत नाही.

अटलांटिकपार | १६ एप्रिल, सायंकाळी ७:४०

मी अमेरिकेत मेरीलँड राज्यात राहतो. माझे शेजारी येथील स्वयंसेवी दलात आहेत, त्यामुळे ही व्यवस्था थोडी जवळून पाहिली आहे. येथेही दले स्थानिकच आहेत, म्हणजे महाराष्ट्राप्रमाणेच विखुरलेली. कित्येक गावांत तर सगळे स्वयंसेवक. पण प्रशिक्षणाची जबाबदारी राज्याने एका संस्थेवर सोपवली आहे. मेरीलँड विद्यापीठाची अग्निशमन व बचाव संस्था कॉलेज पार्कला आहे आणि तिची विभागीय केंद्रे राज्यभर आहेत. वर्ग संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी असतात, कारण दिवसा ही माणसे सुतार, शिक्षक, दुकानदार असतात. शिकणाऱ्याचे दल कितीही लहान असले तरी परीक्षा आणि प्रमाणपत्र सर्वांना एकच. सेवा स्थानिक आणि शिक्षण राज्याचे, ही विभागणी शक्य आहे, एवढेच मला सांगायचे आहे. कायदेकानू यांनी सांगितलेली घटनात्मक रचना न बदलताही हे होऊ शकते.

न_पा_कर्मचारी | १६ एप्रिल, रात्री १०:२०

संध्याकाळचे आणि सुटीच्या दिवसांचे वर्ग, हा मुद्दा मला खरोखर उपयोगी वाटतो. माणूस सहा आठवडे द्या म्हटले तर आम्ही देऊ शकत नाही. दर पंधरवड्याला एक दिवस, आणि तोही जिल्ह्याच्या ठिकाणी, असे म्हटले तर पाळ्या लावता येतील. तेवढ्या दिवसासाठी शेजारच्या नगरपरिषदेने आमची वर्दी सांभाळायची आणि त्यांच्या दिवशी आम्ही त्यांची, असा लेखी करार दोन मुख्याधिकाऱ्यांत होऊ शकतो. मोठ्या आगीत आम्ही एकमेकांचे बंब बोलावतोच.

एक विनंती मात्र आहे. चालकांना विसरू नये. आमच्याकडे बंबाचा चालक बहुधा दुसऱ्या विभागातून आलेला असतो. त्याला जड वाहनाचा परवाना असतो, पण पंप चालवणे त्याला कोणी शिकवलेले नसते. विहिरीतून पाणी घेताना सात-आठ मीटरपेक्षा खोल पाणी पंप खेचत नाही, सक्शन पाइपाला थोडी जरी हवा मिळाली तरी पाणी चढत नाही, हे त्याला आग समोर असताना कळते आणि तोवर टाकी रिकामी झालेली असते.

जुना_तांडेल | १७ एप्रिल, सकाळी ८:३०

न_पा_कर्मचारी यांनी मनापासून सुचवलेला मार्ग मला फार आवडला. त्यात एक भर घालतो. दरवर्षी राज्यातील दलांतून अनुभवी तांडेल (जवानांच्या तुकडीचे प्रमुख), केंद्र अधिकारी निवृत्त होतात. त्यांची ठरावीक तपासणी करून, त्यांना शिकवण्याचे छोटे प्रशिक्षण देऊन, विभागवार प्रशिक्षकांची यादी संचालनालयाने केली तर शिकवायला माणसे कमी पडणार नाहीत. धुराची खोलीही फार खर्चाची नसते. जुने गोदाम, आत हलवता येणाऱ्या फळ्यांच्या भिंती, धूर सोडणारे यंत्र आणि बाहेर पडण्याची दोन सुरक्षित दारे एवढ्यावर ती उभी राहते. प्रत्यक्ष आग लावून करायचा सराव मात्र मान्यताप्राप्त केंद्रातच व्हावा. त्यात हौसेला जागा नाही.

कायदेकानू | १७ एप्रिल, दुपारी १२:००

पैशाचा मुद्दा वैनगंगाकाठ यांनी काढला होता, त्यावर लिहायचे राहिले होते. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर केंद्राने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांचा विस्तार व आधुनिकीकरण करण्यासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना सुरू केली. महाराष्ट्रासारख्या राज्याने त्यात २५ टक्के वाटा घालायचा असतो. नवी केंद्रे आणि साधने यांबरोबरच राज्य प्रशिक्षण केंद्रांचे बळकटीकरण आणि मनुष्यबळाची क्षमतावाढ हा त्या योजनेचा स्पष्ट भाग आहे. त्यामुळे प्रशिक्षणासाठी लेखाशीर्षच नाही, हे उत्तर ऐकून परत फिरू नये. बंब खरेदीचा फोटो निघतो, वर्गाचा निघत नाही. म्हणून खर्च साधनांकडे झुकतो असे माझे मत आहे, आणि ते बदलायचे तर मागणी लेखी व्हायला हवी.

माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून नगरपरिषदेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे साधा अर्ज करता येतो. उत्तर तीस दिवसांत देणे बंधनकारक आहे. ‘का पाठवले नाही’ असे विचारू नये, कारण कारणे विचारली की अर्ज टोलवला जातो. कागद मागावेत: अग्निशमन विभागातील मंजूर व भरलेली पदे, मागील पाच वर्षांत प्रशिक्षणासाठी कार्यमुक्त केल्याचे आदेश, बी. ए. सेटच्या तपासणीची व सरावाची नोंदवही, अग्निशमन सेवा शुल्कातून जमा झालेली रक्कम आणि तिच्यातून झालेला खर्च.

वैनगंगाकाठ | १७ एप्रिल, रात्री ९:१५

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. भावाशी आज सविस्तर बोललो. पाठ्यक्रम बदलण्याच्या मोठ्या मागणीपेक्षा जिल्ह्याच्या ठिकाणी पंधरवड्यातून एक दिवस हा प्रस्ताव त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना व्यवहार्य वाटतो. त्यात त्यांनी स्वतः प्राधान्य दिले ते बी. ए. सेट, विहिरीतील बचाव आणि पंप यांना. विहिरीच्या वर्द्या त्यांच्याकडे वरचेवर येतात, आणि तळाशी प्राणवायू नसलेल्या विहिरीत एकामागून एक माणसे उतरल्याच्या घटना आपण सगळेच वाचतो.

मी दोन अर्ज तयार करत आहे. माहिती अधिकाराचा अर्ज मी माझ्या नावाने करीन, भावाला त्यात आणणार नाही. दुसरे निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना, जिल्ह्यातील सर्व नगरपरिषदांसाठी एकत्रित सराव दिनाची मागणी करणारे. जुने तांडेल काका, एका दिवसाच्या वर्गात बी. ए. सेटचा सराव किती जणांच्या गटाला नीट देता येईल? तेवढा आकडा मिळाला तर निवेदनात किती तुकड्या लागतील हे लिहिता येईल.

जुना_तांडेल | १८ एप्रिल, सकाळी ७:५०

एका प्रशिक्षकामागे सहा जण, त्याहून अधिक नको. धुराच्या खोलीत एका वेळी दोघेच जातील, बाहेर दोघे पूर्ण तयारीत उभे राहतील आणि उरलेले दोघे फळ्यावर वेळ व दाब लिहितील. मग जागा बदलायच्या. दिवसभरात प्रत्येकाला किमान दोनदा आत जाता आले पाहिजे, म्हणून भरलेले जादा सिलिंडर आणि हवा भरण्याचा कंप्रेसर यांची मागणी निवेदनात आधीच लिहावी. अन्यथा सिलिंडर दुपारीच संपतील. मसुदा येथे टाकल्यास तांत्रिक भाग मी तपासून देईन.

न_पा_कर्मचारी | १८ एप्रिल, सकाळी ९:३०

निवेदनाची एक प्रत विभागीय आयुक्त कार्यालयातील नगरपरिषद प्रशासनाच्या शाखेलाही द्यावी. आणि सराव दिन मार्च-एप्रिलमध्ये ठेवू नये. त्या काळात गवत, कडबा आणि कचरा डेपोच्या वर्द्या सर्वाधिक असतात आणि करवसुलीमुळे कार्यालयही मोकळे नसते. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा काळ आम्हाला सोयीचा पडेल. मीही आमच्या मुख्याधिकाऱ्यांपुढे शेजारच्या नगरपरिषदेशी कराराची टिपणी या आठवड्यात ठेवतो.